खंडीचा हिशेब

धान्य मोजण्याच्या कामी मनुष्यजातीने जेवढे स्वातंत्र्य उपभोगले, तेवढे अन्य कोणत्याही व्यवहारात उपभोगले असेल असे मला वाटत नाही. आणि ज्यास या विधानाचा प्रत्यय हवा असेल, त्याने भिलाईतील एखाद्या मराठी कुटुंबात सोयरिकीच्या बोलण्यांना हजर राहावे.

वस्तुतः आपले कोष्टक आरंभी फार सालस आहे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दुपटीचा हा राजमार्ग पेंगणाऱ्या गुमास्त्यालाही चुकू नये इतका निर्वेध. विघ्ने पुढे सुरू होतात. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा. वीस मणांची खंडी याविषयी मात्र सहसा एकवाक्यता. छत्तीसगडातही खंडी विसांचीच, परंतु ती काठा नावाच्या वीस मापांची. आणि वीस खंड्यांचा गाडा. नागपूरकर बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपुरास येऊन राहिले, त्यांच्यामागून मराठी अंमलदार आणि त्यांची दप्तरे आली; काठा मात्र खळ्यावर होता तिथेच राहिला.

पुढे १ ऑक्टोबर १९५८ रोजी सरकारने दशमान वजने सुरू केली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा रीतीने, ज्या कारखान्यात आमचे वडील रशियन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टनांत लोखंड मोजीत, त्याच्या कुंपणापलीकडे पोहेवाली निर्विकारपणे छत्तीसगडी पैलीने पोहे मोजीत असे.

माझ्या धाकट्या भावाचे लग्न दुर्गच्या एका जुन्या मराठी घराण्यात ठरत होते. व्याह्यांनी शेतीवाडीचा विषय निघताच विनयाने, "शंभर खंडी धान होतं," एवढेच सांगितले. कऱ्हाडाकडून आलेले आमचे मामा हे ऐकून सावरून बसले, कारण त्यांच्या मुलखात मण सोळा पायल्यांचा. म्हणजे बत्तीस हजार पायल्या! त्या क्षणापासून त्यांनी व्याह्यांना 'आपण' म्हणण्यास प्रारंभ केला. रात्री कोणीतरी खुलासा केला की येथे काठा चार पैल्यांचा, खंडी ऐंशी पैल्यांची, आणि पैली व पायली एकच धरली तरी बेरीज आठ हजारांवर जात नाही. मामांचा चेहरा जमाबंदीत तीन हिस्से सूट द्यावी लागलेल्या कमाविसदारासारखा झाला.

"प्रत्यक्ष मापल्याखेरीज मी मानणार नाही," असे त्यांनी जाहीर केले. व्याह्यांनी प्रेमाने लाकडी काठाच धाडून दिला, सोबत मापणारा गडी. आजीची पायली माळ्यावरून उतरली. ओटीवर मामांनी पहिली पायली ओतताना 'एक' न म्हणता रिवाजाप्रमाणे 'लाभ' म्हटले. गड्याने त्याच पायलीला आपल्या रिवाजाप्रमाणे 'राम' म्हटले. आणि लाभ व राम या दोन पायल्या झाल्या की एकच, यावर अर्धा तास गेला. त्यानंतर शिगेचा प्रश्न उपस्थित झाला. मामा पायली शीग लावून भरीत, गडी काठीने सपाट करी. त्यामुळे काठा कधी साडेतीन पायल्यांचा ठरे, कधी चारांचा, आणि मुलीकडच्यांची इभ्रत त्या मानाने वरखाली होई. (या असल्या घोळातून आपण सुटलो असे समजणाऱ्यांनी विजेच्या कुकरबरोबर मिळणारी वाटी पाहावी. ती १८० मिलिलिटरची असते. म्हणजे जपानी लोकांचे 'गो' नामक जुने माप. स्वदेशी चिपटे मोडीत काढून आपण जपानी चिपट्याने भात लावतो, आणि त्यास प्रगती म्हणतो.)

लग्न अर्थात झाले. गृहप्रवेशाच्या वेळी मामांनी, बहुधा प्रायश्चित्त म्हणून, व्याह्यांचा तो काठाच तांदळाने भरून उंबऱ्यावर आणून ठेवला. आजीने नव्या नवरीची गुडघ्यापर्यंतची उंची आणि काठ्याची उंची यांची एकवार मनात तुलना केली.

"मामा, माप ओलांडायचं असतं, चढायचं नसतं!"

काठा बाजूस सरला आणि पितळी मापटे आले. भावजयीने ते उजव्या पायाने लवंडले, मंडळींनी अक्षता टाकल्या. आणि सांडलेले तांदूळ व्याह्यांचा गडी पुन्हा मापट्यात भरू लागला, तेव्हा तो ते शीग लावून भरतो की सपाट, यावर मामांची बारीक नजर होती.