नाव, गाव, नाते

आमच्या संग्रहालयात पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी अभिप्रायवही दाखवतो. तोफ आहे, पण अर्धीच. पालखी आहे, पण तिचा दांडा गेल्या वर्षी सुताराकडून करून घेतलेला. दगडी दिवे आहेत, अडकित्ते आहेत, आणि 'उपयोग अज्ञात' अशी चिठ्ठी लावलेली एक लोखंडी वस्तू आहे. ती पाहून आसपासच्या वाड्यांवरचे म्हातारे एकमेकांकडे बघून हसतात, आम्हाला मात्र काही सांगत नाहीत. वही तेवढी अस्सल.

१९८४ साली एका वाड्याच्या मालकांनी दोन खोल्या दिल्या आणि संग्रहालय सुरू झालं, तेव्हा वही छापायला पैसे नव्हते. नदीकाठची धर्मशाळा नुकतीच बंद पडली होती. तिथला कोऱ्या नोंदवह्यांचा गठ्ठा कुणीतरी उचलून आणला. गठ्ठा दांडगा होता, तो अजून संपलेला नाही. त्यामुळे चाळीस वर्षं झाली, आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस मुक्कामाला आल्यासारखा नाव, वय, गाव, व्यवसाय, कोठून आले, कोठे जाणार, सोबत कोण, नाते आणि सही एवढं सगळं लिहितो आणि मग शेवटच्या बोटभर 'शेरा' रकान्यात 'छान' म्हणतो.

कुणी कधी हरकत घेतली नाही. रकाना दिसला की आपला माणूस तो भरतो. 'कोठे जाणार' खाली बहुतेक जण 'घरी' लिहितात. एका निवृत्त हेडमास्तरांनी 'वर' असं लिहून ठेवलंय. त्यांना वरच्या मजल्यावरचं शस्त्रदालन म्हणायचं होतं की आणखी काही, ते कळायला आता मार्ग नाही. मोबाइल आले तेव्हा आमच्या शिपाईमामांनी पट्टीने एक उभी रेघ मारून त्याचाही रकाना पाडला. लोकांनी तोही भरला.

मामा म्हणजे संग्रहालयाची खरी नोंदवही. सत्तरीला टेकले तरी बिनचष्म्याचे. चौकात वळणाऱ्या एसटीची पाटी तिकीटखिडकीतून वाचतात आणि कोण उतरणार हे गाडी थांबायच्या आत सांगतात. मी शाळेतून निवृत्त झालो आणि इथला चिटणीस झालो, त्या दिवशी माझ्या पेन्शनचा आकडा मला त्यांच्याकडून कळला.

मध्यंतरी माझी पुतणी आली. ती हिंजवडीत असते आणि लोकांची माहिती सांभाळणं हाच तिचा धंदा आहे. तिने उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि तिचा चेहरा जेवणात केस सापडल्यासारखा झाला.

"काका, ही वही तुम्ही अशी उघड्यावर ठेवता?"

"दोरीने बांधलीय की," मी म्हणालो.

मग तिने मला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि बरीचशी कलमं अंगवळणी पडावीत म्हणून अठरा महिन्यांची मुदत दिली. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड किती? २५० कोटी रुपयांपर्यंत. आमचं तिकीट पाच रुपये. मी गणिताचा मास्तर. मनातल्या मनात भागाकार केला. पन्नास कोटी माणसं आली तर भागेल. शाळेच्या सहलींना निम्मं तिकीट असल्यामुळे जरा जास्तच लागतील.

विश्वस्तांच्या बैठकीत मी हा विषय काढला. आमच्या अध्यक्षांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि मी नेमका डावीकडे बसलो होतो. 'विदा' त्यांना 'विडा' ऐकू आला. "विड्याच्या संरक्षणाला आपल्याकडे तीन पितळी पानडबे आहेत," असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. ते तसंच मंजूर झालं.

कायद्यात एक गंमत आहे. तो डिजिटल माहितीला लागू आहे. कागदावर लिहिलेली वही कागदावरच राहिली तर कायदा तिच्याकडे बघत नाही. तिचे फोटो काढून संगणकात घातले की बघतो. म्हणजे आम्ही जितके मागासलेले, तितके सुरक्षित. हे कळल्यावर पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. तेवढ्यात मामांच्या खिशात फोन वाजला.

मामांनी वहीतले नंबर उतरवून घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर 'संग्रहालयप्रेमी' नावाचा गट केला होता. त्यावर रोज सकाळी सूर्यफूल, एकादशीला विठोबा आणि अधूनमधून तोफेचा फोटो. सहलीच्या पोरांचे फोटोही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते, आणि ती खरीच आईवडिलांची आहे याची खात्रीही करावी लागते, हे ऐकून मामा म्हणाले, "आईबापांनी तर अंगठे दाखवलेत सगळ्या फोटोंना." गटातल्या एका विमा एजंटाने सगळे नंबर परस्पर उचलले आणि तालुक्यातल्या तोफप्रेमींना पॉलिसी विकायला सुरुवात केली, हे मला त्याच दिवशी कळलं.

"या लोकांची संमती घेतली होती?" पुतणीने विचारलं.

"संमती कसली, ताई? नंबर त्यांनीच लिहिलाय."

"पण कशासाठी लिहिला?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "रकाना होता म्हणून."

त्या एका वाक्यात सगळा कायदा आला, असं पुतणी म्हणाली. माहिती कशाला हवी ते आधी सांगा, मग मागा; ज्यासाठी मागितली त्यासाठीच वापरा; काम झालं की पुसा. आणि हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी वाचणाऱ्याला हवी त्या भाषेत मिळाली पाहिजे. मराठी आहे त्यात. आमच्या वहीला मात्र मराठीतून सांगायलाही कारण नव्हतं. सोबत कोण आणि त्याचं नातं काय, हे अर्धी तोफ बघायला आलेल्या माणसाने का सांगावं?

कारण नव्हतं, पण उपयोग होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्या गावच्या एक काकू दगडी दिवे बघायला येत. दिव्यांपुढे दोन मिनिटं आणि वहीपुढे दीड तास. पिशवीतून डायरी काढून काहीतरी उतरवून घेत. मी त्यांना अभ्यासक समजत होतो. एकदा चहाही पाजला. पुढे एका लग्नाची पत्रिका संग्रहालयाच्या नावाने आली, तेव्हा उलगडा झाला. वय, गाव, व्यवसाय, 'सोबत आईवडील': वधूवरसूचक मंडळाला आणखी काय लागतं? आमच्या वहीवरून तीन लग्नं जमली आहेत. पुतणीला हे मी कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, "संशोधनासाठी आणि अभिलेख जपण्यासाठी कायद्यात सूट आहे काका, सोयरिकीसाठी नाही."

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. शस्त्रदालनात चोरी होऊ नये म्हणून कॅमेरा बसवला आणि पडदा तिकीटखिडकीत, लोकांकडे तोंड करून ठेवला. तलवारींना कुणी हात लावला नाही. पण शस्त्रदालन दुपारी रिकामं असतं आणि कॉलेज मागच्याच गल्लीत आहे. खिडकीशी तिकीट न काढता गर्दी का होते, हे कळायला आम्हाला आठवडा लागला. आता पडदा भिंतीकडे तोंड करून आहे. मामा मधूनमधून भिंतीकडे जातात.

पण वही, गट, कॅमेरा हे सगळं निस्तरता येतं. माझी खरी पंचाईत पुढे झाली. पुतणी गेल्यावर मी दालनातून एक चक्कर मारली आणि लक्षात आलं की संग्रहालय म्हणजे मुळात दुसऱ्याच्या घरातल्या खासगी वस्तू काचेत ठेवून तिकीट लावणं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. कुणाची तरी फणी, कुणाचा अडकित्ता, कुणी टाचा घासलेली वज्री. टाच घासणं ही काय चारचौघांत करायची गोष्ट आहे? मस्तानीचा महालसुद्धा कोथरूडहून उचलून तिथे आणलाय; ती असती तर कुठल्या रकान्यात काय लिहिती कोण जाणे. आणि हे सगळं जमवणारे दिनकर केळकर कविता लिहायचे त्या 'अज्ञातवासी' या नावाने! वस्तू लोकांच्या उघड्या, नाव स्वतःचं झाकलेलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. एका माणसाने घराघरांतून असल्या वस्तू गोळा केल्या नसत्या, तर त्या मोडीत गेल्या असत्या.

मोडीवरून आठवलं. आमच्याकडे १९११ सालची एका सावकाराची खतावणी आहे. गावातलं कोण किती बुडालेलं होतं, ते सगळं तिच्यात. इतकी वर्षं ती काचेखाली एका पानावर उघडी पडून होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती, कारण ती मोडीत होती. पुतणीच्या भाषेत सांगायचं तर सांकेतिक कुलूप. अडचण एवढीच की त्याची किल्ली आम्हीच वाटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत संग्रहालयाने मोडी वर्ग घेतला. दहाव्या दिवशी अकरावीतल्या एका हुशार मुलीने काचेला नाक लावून खणखणीत आवाजात वाचलं: अमुक अमुक यांस रुपये चाळीस, व्याज दरमहा शेकडा दोन, तारण पुतळ्यांची माळ, माळ परत नेली नाही.

ते अमुक अमुक म्हणजे गावातल्या मोठ्या घराचे पणजोबा. संध्याकाळी त्या घरचे मालक आले. कर्जाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्यांच्या घरात चार पिढ्या सासवांनी सुनांना सांगितलं होतं की ती माळ चोरांनी नेली. आता सुना विचारत होत्या. "पान उलटा," ते म्हणाले.

त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा खासगीपणा कुठल्या कलमात बसवून द्यावा, ते मला कळेना. आपल्या माघारी आपले हक्क कुणी बजावायचे, त्याचं नामनिर्देशन करण्याची सोय नव्या कायद्यात आहे. पण पणजोबांनी ते केलेलं नव्हतं. उलट १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दप्तर ७५ वर्षांचं झालं की ते पुरावस्तू ठरू शकतं. म्हणजे उधारी पंचाहत्तर वर्षं थकली की तिचा वारसा होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानाचे वारस आले. गावात मोडी वाचणारे आता बावीस जण झाले होते. पंधरा दिवस आम्ही रोज पान उलटत होतो. (आमच्या आडनावाचं पान चिकटलेलं आहे, ओढलं तर फाटेल, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.) शेवटी खतावणीचं मागचं कोरं पान उघडून ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली: सावकारी खतावणी, इ. स. १९११. तेव्हापासून गावात शांतता आहे. फक्त वहीत कुणीतरी शेरा मारलाय: 'सावकार आळशी दिसतो.'

धोरण आम्ही केलं. दहा ओळींचं, मराठीत, दाराशी लावलेलं. व्हॉट्सअ‍ॅप गट बंद केला. मामांनी दोन दिवस सुतक पाळल्यासारखं केलं. धर्मशाळेच्या नव्या वह्यांमध्ये नाव, गाव, शेरा एवढेच रकाने ठेवून बाकीच्यांवर कागद चिकटवला. जुन्या एकतीस वह्या माळ्यावर कुलपात गेल्या. कुणी आपली नोंद खोडायला सांगितली, तर वही कागदाची असली तरी खोडून द्यायची, असंही एक कलम मी हौसेने घातलं. त्या काकूंनी दगडी दिवे बघणं सोडलं.

गेल्या महिन्यात दुपारच्या वेळी एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, हातात प्रवासाची पिशवी. त्यांनी तोफ पाहिली नाही, पालखी पाहिली नाही. विचारलं, "सत्त्याऐंशी सालची वही असेल का हो?"

मामांनी माळ्यावरून वही काढून आणली, धूळ झटकली, आणि स्टुलावर ठेवून तिथेच उभे राहिले. बाई सावकाश पानं उलटत गेल्या. मार्चमध्ये थांबल्या. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. त्या ओळीत दोन सह्या होत्या. नात्याच्या रकान्यात काय लिहिलं होतं, ते मला वाचता आलं. इथे ते लिहायला जागा आहे, संमती नाही.

माझ्या अंगात नवं धोरण संचारलं. पेन काढून मी म्हणालो, "खोडून देतो. तुमचा हक्क आहे तो."

"अहो, खोडता कशाला?" त्या एकदम म्हणाल्या. "आहे का अजून, एवढंच बघायला आले होते." मग वही मिटून त्यांनी माझ्याकडे दिली. "वर ठेवाल ना पुन्हा?"

त्यांनी पाच रुपयांचं तिकीट काढलं, चार वाजताची गाडी विचारली आणि निघाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मामांनी येणाऱ्यापुढे नवी वही सरकवली नव्हती. संध्याकाळी कुलूप लावताना मला राहवेना. मामांना गावातली माणसं चेहऱ्यावरून, चालीवरून, पिशवीवरून ओळखता येतात. मी सहज विचारल्यासारखं केलं, "मामा, त्या दुपारच्या बाई आपल्या गावच्याच का हो?"

"कुणास ठाऊक सर," मामा किल्ली फिरवत म्हणाले. "माझा चष्मा नेमका आज घरी राहिला होता."