लेबनीज नानाकाका

दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या वर्षात दोनच मोसम असतात. एक उन्हाळा आणि दुसरा पाहुणे. नोव्हेंबर लागला, हवा जरा माणसात आली, की पुणे-ठाणे-नाशिकहून फोन सुरू होतात. "अरे, आम्ही म्हणत होतो, नातवंडांना सुट्टी आहे, तर..." या वाक्याचा उत्तरार्ध कुणी बोलत नाही. तो आपण बोलायचा असतो.

या येणाऱ्यांत एक गृहस्थ हमखास असतात. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त, छातीशी पासपोर्टची पिशवी, आणि कुठल्याही वस्तूची किंमत दिसली की तिला रुपयांनी गुणायची सवय. सोयीसाठी या सगळ्यांना मी नानाकाका म्हणतो. त्यांतले माझे खरे काका एकच आहेत, पण ते हे वाचायची शक्यता नाही. हल्ली ते फक्त ताहिनी नावाच्या तिळाच्या वाटणाबद्दल वाचतात.

ताहिनीपूर्वीचे नानाकाका वेगळे होते. ते परदेशी जात ते खायला नव्हे, उपाशी राहू नये एवढ्या बेताने. बॅगेत मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, दोन प्रकारचे चिवडे आणि एक छोटा कुकर. निघायच्या आदल्या रात्री मी फोन करून सांगितलं, की खसखस तेवढी आणू नका. एमिरातीत ती बेकायदा आहे, अमली पदार्थांत धरतात. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे अनारसे?" अनारसेही नकोत, म्हटलं. काकूंनी गोड्या मसाल्याची पुडीसुद्धा बाहेर काढली. आपल्या घरातल्या अनारशाची दुसऱ्या देशाचं सरकार इतक्या गांभीर्याने दखल घेतं, याचा नानाकाकांना मनातून अभिमानच वाटला असावा. विमानात शेजारच्या प्रवाशाला त्यांनी ही बातमी सांगितली होती.

पहिले दिवस ठरल्याप्रमाणे गेले. बुर्ज खलिफा खालून बघितला (वर जायच्या तिकिटाला रुपयांनी गुणून झालं होतं). जेवण एकदा करामातल्या उडप्याकडे, एकदा मीना बाजारातल्या थाळीवाल्याकडे. "अगदी पुण्यासारखं!" ही त्यांची सर्वोच्च पदवी. पुण्यासारखंच खायचं तर पुण्याला काय झालं होतं, हा प्रश्न पाहुण्यांना विचारायचा नसतो. शेवटी बंड केलं ते नातवंडांनी. त्यांना शॉर्मा हवा होता. देऱ्यात रिग्गा आणि मुरक्कबातच्या रस्त्यांवर लेबनीज, सीरियन, इराकी हॉटेलांची रांग आहे. तिथे एका लेबनीज हॉटेलात आम्ही शिरलो. नानाकाका खिशात चिवड्याची पुडी घेऊन आले होते.

बसतो न बसतो तोच पोऱ्याने एक मोठं ताट आणून ठेवलं. अख्खे टोमॅटो, अख्ख्या काकड्या, लेट्यूसचा अर्धा गड्डा, मुळे, हिरव्या मिरच्या, पुदिन्याच्या काड्या. सोबत ऑलिव्ह आणि बीटाच्या रंगाने गुलाबी झालेलं सलगमाचं लोणचं.

"हे आम्ही मागवलेलं नाही," नानाकाका ताटाला हात न लावता म्हणाले. हात लावला की बिलात लागतं, हा त्यांचा जगभरच्या हॉटेलांबद्दलचा सिद्धांत.

"फुकट आहे हो काका. सगळ्यांनाच देतात."

"मग चिरून का नाही दिलं?"

त्यानंतर पाव आला. पाव म्हणजे खुब्झ, भट्टीतून थेट, टम्म फुगलेला, वाफ सोडणारा. तोही फुकट. संपला की न विचारता दुसरा. नानाकाकांच्या चेहऱ्यावर बदल झाला तो नेमका इथे. लोक सांगतात, की लेबनीज जेवणाच्या प्रेमात आपण ऑलिव्ह तेलामुळे पडलो, लिंबामुळे पडलो. नानाकाका न लागलेल्या बिलामुळे पडले. फुकट पाव टाकवेना, आणि नुसता पाव खाववेना. म्हणून त्यांनी हमसची बशी पुढे ओढली.

पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग सुरू झालं. मुतब्बल म्हणजे आपलं भरीत. लबने म्हणजे आपला चक्का, यांना साखर घालायचं सुचलेलं नाही. फलाफल म्हणजे आपला वडा. असं एकेक राज्य खालसा करत नानाकाका चालले होते ते भात भरून गुंडाळलेल्या द्राक्षाच्या पानांशी येऊन अडखळले. "द्राक्षाची पानं? नाशिकला आमच्या साडूंची बाग आहे. छाटणीला ढिगांनी फेकतात ते!" मग त्या ढिगांना त्यांनी मनातल्या मनात दिरहॅमने गुणलं आणि साडूंच्या आजवरच्या नुकसानीचा आकडा ऐकवला. साडूंचं नुकसान सांगताना नानाकाकांना जेवण अंगी लागतं.

काकूंनी हमस बोटावर घेऊन चाखलं. "तीळ. कच्चा लसूण. लिंबू. जिरं नाही." एवढं बोलून त्या जेवायला लागल्या. संपूर्ण सहलीत त्यांनी लेबनीज स्वयंपाकावर केलेलं भाष्य तेवढंच.

त्या रात्री नानाकाका झोपले नाहीत, मोबाइल घेऊन बसले. सकाळी चहाला विषय तयार होता. २०१० साली हमसवरून लेबनॉन आणि इस्राएलमध्ये चढाओढ लागली होती. जानेवारीत जेरुसलेमजवळच्या अबू घोश गावात चार टनांहून जास्त हमस केलं. एवढं ठेवायचं कशात, तर टीव्हीच्या उपग्रहाची भलीमोठी डिश आणून तीत घातलं. मे महिन्यात लेबनॉनच्या तीनशे स्वयंपाक्यांनी उत्तर दिलं, १०,४५२ किलो. "आता यातली गंमत बघ," नानाकाका चष्मा वर सरकवत म्हणाले, "लेबनॉनचं क्षेत्रफळ किती? १०,४५२ चौरस किलोमीटर! किलोला चौरस किलोमीटर टॅली!" ताळेबंद जुळवण्यात उमर गेलेल्या माणसाला देश आवडायला यापेक्षा जास्त काय लागतं? आपल्या जिल्ह्याच्या क्षेत्रफळाइतकी पुरणपोळी कुणी केल्याचं ऐकलंय का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. "तेच तर," ते म्हणाले.

दुसरा शोध जास्त धोक्याचा होता. हे लोक मुळात शाकाहारीच आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. यात खरं असं, की लेबनॉनमध्ये ख्रिस्ती लोकांची वस्ती मोठी आहे आणि ईस्टरआधीच्या दीर्घ उपवासात मांस वर्ज्य करतात. म्हणून ऑलिव्ह तेलात शिजवून गार खायच्या भाज्या, भरलेली पानं, मसूर-तांदळाची वर तळलेला कांदा पसरलेली मुजद्दरा, असा बिनमांसाचा संसार तिथे चांगला थाटलेला आहे. आपल्याकडचे उपवासही खाण्याचेच असतात, त्यामुळे नानाकाकांना हे लगेच पटलं. मात्र त्याच देशात कच्च्या मांसात बुल्गुर, म्हणजे गव्हाचा दलिया, घालून, वाटून केलेली किब्बे नय्ये मोठ्या कौतुकाने पाहुण्यापुढे ठेवतात आणि सोबत अरक पितात, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुतण्याची काही कर्तव्यं असतात.

पुढच्या प्रत्येक जेवणाला तेच हॉटेल. वाळवंटातली सफर त्यांनी "तिथे जेवण कुठलं असेल काय माहीत" म्हणून नातवंडांवर सोपवली. तिसऱ्या खेपेला मॅनेजर स्वतः टेबलाशी आला. जाहलेचा माणूस, म्हणजे नदीकाठच्या हॉटेलांसाठी लेबनॉनभर नावाजलेल्या गावाचा. हिंदी आखातात शिकलेला. नानाकाकांचं हिंदी पुण्यात शिकलेलं. त्यामुळे दोघांना एकमेकांचं नीट कळत होतं.

"ये तब्बूले एकदम ओरिजिनल है ना?" नानाकाकांनी कौतुकाने विचारलं.

"नहीं," मॅनेजर म्हणाला.

नानाकाकांनी घास खाली ठेवला.

"इसमें बुल्गुर ज्यादा है. कस्टमर को पेट भरने को मांगता. मेरा मदर देखेगा तो प्लेट फेंकेगा."

आणि तो खुर्ची ओढून बसलाच. तब्बूले म्हणजे पार्सली. पार्सली म्हणजे सुरीने चिरलेली, यंत्रात घातली की पाणी सुटतं आणि संपलं. बुल्गुर नावापुरता, लिंबाचा रस प्यायला. या शहरात तब्बूले कुणाला येत नाही, आमच्या हॉटेलातही येत नाही. बैरूतमध्येसुद्धा आता पूर्वीचं राहिलं नाही. आमच्या गावी एक म्हातारा होता...

आपलं घर, आपलं गाव आणि आपली आई सोडून जगात कुणालाच स्वयंपाक येत नाही, हे इतक्या निःशंकपणे सांगणारा माणूस नानाकाकांना देशाबाहेर प्रथमच भेटत होता. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी मिसळीचं सध्या काय झालंय ते सांगितलं. मॅनेजरने मान हलवून फलाफलचं काय झालंय ते सांगितलं. लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी चालली आणि माणसं जगभर पांगली. प्रत्येक जण आपल्या आईचं हमस डोक्यात घेऊन निघाला, आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या हमसमध्ये चूक काढतो आहे. हे मॅनेजर हसत हसत सांगत होता, पण मध्येच त्याने बाटलीतलं ऑलिव्ह तेल उगाच हमसवर ओतलं आणि घड्याळ बघितलं. उठताना त्याने कलिंगडाची ताटली पाठवली. अर्थातच फुकट. "माणूस मोठा," नानाकाका बाहेर पडताना म्हणाले.

देऱ्याच्या मसाला बाजारातून एक किलो सुमाक आणि ताहिनीचे डबे घेऊन ते पुण्याला परतले. पुढची हकीकत काकूंच्या फोनवरून. उभ्या आयुष्यात ज्यांनी मटाराची शेंग सोलली नाही, ते आता टीव्हीवर कसोटी सामना लावून शिजलेल्या काबुली चण्यांची सालं काढत बसतात. एकेक दाणा चिमटीत धरून. सालं राहिली तर हमस रवाळ होतं. वाटताना त्यात बर्फाचा खडा लागतो, मिक्सर तापू द्यायचा नसतो, काकूंनी मध्ये बोलायचं नसतं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी पार्सलीवरून रोज वाद. तिने एकदा "घ्या की कोथिंबीर, काय फरक पडतो" म्हटल्यापासून तिच्याकडची मेथीही बंद आहे. काकूंनी काकडीच्या कोशिंबिरीवर चिमूटभर सुमाक घातलं तर म्हणे घरात दोन दिवस अबोला. चव छान आली होती, असं त्या म्हणाल्या.

आणि सगळ्यात मोठा बदल असा, की तुलना बंद. सोसायटीतले कुणी मुतब्बल चाखून "म्हणजे भरीतच की!" म्हणालं, तर नानाकाका दाणकन चमचा ठेवतात. "भरीत? कुठे भरीत, कुठे हे!" मग २०१० साल येतं, उपग्रहाची डिश येते, क्षेत्रफळ येतं. "आमच्या लेबनॉनमध्ये" असा शब्दप्रयोगही ऐकल्याचे साक्षीदार आहेत. ते दुबईच्या पलीकडे गेलेले नाहीत, हे आता त्यांनाही आठवत नसावं.

मागच्या सुट्टीत एका लग्नाला आम्ही सगळे होतो. स्वरुची भोजन, आणि पावभाजी व चायनीजच्या मधोमध एक पाटी, 'लेबनीज'. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी जिलबीकडे बघितलं. नानाकाका ताटली घेऊन रांगेत लागलेही होते. एका भांड्यात गुलाबी हमस, एकात हिरवं, पलीकडे पनीर शॉर्मा.

"यात ताहिनी कुठली वापरता?" त्यांनी पोराला विचारलं.

"मेयो आहे काका. पाहिजे तेवढं घ्या."

भाषण सुरू झालं. रांग मागे वाढत गेली. मागच्या बाईंनी काकुळतीने विचारलं, "काका, ते गुलाबी गोड आहे का?" त्यांच्या मागच्याने "काका, इथले चमचे संपलेत" असं सांगितलं. इतका वेळ टेबलाशी उभं राहून पदार्थांची माहिती देणारा माणूस केटररचाच असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. नानाकाका क्षणभर गोंधळले. मग आत जाऊन चमचे घेऊन आले.

त्यानंतर ते टेबलाच्या मागेच गेले. पोराला त्यांनी पाव गरम करायला बसवलं आणि वाढायला स्वतः उभे राहिले. प्रत्येकाच्या ताटलीत एक चमचा हमस, वर तेलाची धार आणि १०,४५२. गर्दी ओसरल्यावर कपाळ पुसत ते आमच्याकडे आले, तेव्हा काकू मठ्ठा पीत होत्या.

"पाकीट दिलं का त्यांनी काही?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या रविवारी हडपसरला आहे त्यांचं एक," नानाकाका म्हणाले. "या म्हणालेत."