बोक्याचा फेरफार

अंबाजोगाईच्या आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांच्या लेखी जगातल्या यच्चयावत भानगडी दोनच प्रकारच्या: वहिवाट आणि अतिक्रमण. पाहुणा मुक्काम वाढवायला लागला की वहिवाट, शेजारच्या जाईची फांदी भिंतीवरून डोकावली की अतिक्रमण. त्यामुळे ढेलजेतल्या सागवानी खांबावर बोक्यानं कार्यभाग उरकला, त्या सकाळी अण्णा फडकं शोधायला गेले नाहीत. कागद शोधायला गेले.

रीतसर पंचनामा झाला. पूर्वेस शिडी, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस तुळशीवृंदावन, दक्षिणेस सामायिक भिंत. मध्ये खांब, त्यावर वीतभर उंचीला ओल. पंच म्हणून मला हाक मारली.

"वास यायलाय का?"

"यायलाय की."

"कशाचा, ते तुमच्या शब्दांत सांगा."

माझे शब्द दप्तरी घेण्यासारखे नव्हते. अण्णांनी नुसतं 'उग्र' लिहिलं. ओल ताजी असतानाच कोरड्या फडक्यानं दाबून टिपली असती तर बरंचसं काम तिथंच झालं असतं. पण चतुःसीमा पुऱ्या होईपर्यंत ती लाकडात मुरली होती.

मग उपाय सुरू झाले. आधी फिनेल. त्यानं वास गेला नाही, वासाला जोडीदार मिळाला. मांजराच्या यकृताला फिनॉल झेपत नाही, पंजाला लागून चाटण्यात गेलं तर जनावराच्या जिवावर बेततं, हे अण्णांच्या गावीही नव्हतं. पुढं ग्रामपंचायतीतल्या जुन्या ओळखीवर टीसीएल पावडर आली, विहिरीत टाकतात ती. लघवीतल्या अमोनियाला क्लोरीन भेटलं की जो वायू निघतो, त्यानं सगळं घर खोकत, डोळे पुसत रस्त्यावर आलं. एकटे अण्णा खूश. "औषध जालीम हाय!"

नंतर शहाबादी फरशीवर लिंबं पिळली. बुडबुडे आले. "घाण निघायली बगा!" शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, निघत होती ती फरशी. तिथं पडलेला पांढुरका डाग अजून आहे आणि त्यात बोक्याचा काडीचाही हात नाही.

कुणीतरी सांगितलं, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यात वाळलेली लघवीसुद्धा चमकते. खरं आहे ते. रात्री दिवे मालवून अण्णा भिंतीशी उकिडवे बसून हद्दी कायम करायला लागले, चमकेल तिथं खडूनं रेघ. सगळ्यात लख्ख चमकलं ते त्यांचंच बनियन, कारण कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत जे घालतात तेही या उजेडात उजळतं. काकू म्हणाल्या, "आधी ह्यालाच घेरा खडूनं."

पण खरं किचकट प्रकरण बोक्यानं भिजवलेल्या वाकळेचं. जुन्या लुगड्यांचे थर. वरचा धुतला तरी आतले तसेच. भरपूर पाण्यात बुचकळावी म्हणावं, तर बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पाणी आलं की माणूस हंडे भरील का वाकळ धुईल? शेवटी ती माळवदावर टाकली. वैशाखाच्या उन्हानं वास नाहीसा झाला. अण्णांनी कागदावर 'निकाली' असा शेरा मारून सही केली. मृगाचा पहिला पाऊस झाला आणि वास अपिलात गेला.

काकूंची भाची परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिनं उलगडा केला. वाळलेली लघवी जात नाही, थरांत बसून राहते आणि हवा दमट झाली की पुन्हा जागी होते. बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचा पदार्थ असतो, तो सावकाश मोडतो आणि त्यातून गंधकाचा तो दर्प सुटत राहतो. यावर एन्झाइमचं द्रावण लागतं. तेही शिंपडून पुसायचं नाही, जिथवर लघवी मुरली तिथवर मुरू द्यायचं, काही तास ओलं ठेवायचं, मग वाळवायचं. "आणि काका, खांबावर त्यानं केली ती नुसती लघवी नव्हे, फवारणी. ही माझी हद्द, असं दुसऱ्या बोक्यांना कळवतो तो."

अण्णा गप्प झाले. नोकरीभर गटांच्या हद्दी सांभाळल्या, आणि इथं एक इसम विनानोटीस, विनापंच, शेपूट उभी करून क्षणात नोंद घालतो! त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच बोक्याबद्दल खात्याचा आदर दिसला.

भाची म्हणाली, नसबंदी करा, बहुतेक बोके फवारणी सोडतात. अण्णांनी हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५० काढला. काकू रोज दूध घालतात, म्हणजे ताबा मान्य केल्यासारखाच. संरक्षित कुळाला असं परस्पर काही करता येत नाही. काकूंनी कायदा ऐकून घेतला, बोका सीताफळाच्या रिकाम्या क्रेटमध्ये घातला, वरून दुसरा क्रेट बांधला आणि परभणीची एसटी धरली.

आता फवारणी बंद आहे. द्रावण पिऊन वाकळही शांत झाली. मात्र ही शांतता त्या बोक्यापुरतीच. परवा पलीकडच्या घरी नव्या स्कूटीच्या सीटवर भलत्याच बोक्यानं हद्द कायम केली. घरमालक फडकं घेऊन धावले, तेवढ्यात माळवदावरून आवाज आला, "हात लावू नका! मी येईस्तोवर कुणीबी पुसायचं नाही!"