तेवीस किलोंची वरात

मुंबईहून गोव्याला विमान सवा तासात पोचतं. पण डोंबिवलीहून मुंबईच्या विमानतळावर मोटार किती वेळात पोचेल, हे सांगायची छाती कुठल्याही ज्योतिष्याला होणार नाही. म्हणजे खरा प्रवास जमिनीवरचा, विमान ही त्यानंतरची विश्रांती. तरी आपली प्रवासवर्णनं ढगांपासून सुरू होतात आणि ढगांखालचा सगळा पराक्रम गाळून टाकतात. तेव्हा मुद्दा जमिनीवरचाच मांडू: विमानतळाला लोकल-मेट्रोनं जावं, आणि ते स्वस्त पडतं म्हणून नव्हे. स्वस्त तर पडतंच. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, तिथून मरोळ नाक्यापर्यंत एक मेट्रो आणि पुढं एकच स्टेशन दुसरी मेट्रो, एवढं सगळं शंभराच्या नोटेत बसतं आणि वडापावापुरते सुटे उरतात. पण विमानाच्या तिकिटाला ज्यानं हजारो रुपये मोजले, त्याला वडापावाचं आमिष दाखवण्यात अर्थ नाही. प्रश्न पैशाचा नाही, उशिराचा आहे.

विमान गाठायचं असतं तेव्हा एरवी किती वेळ लागतो हे कामाचं नसतं. फार तर किती लागेल, हे कामाचं असतं. कचेरीत वीस मिनिटं उशिरा गेलं तर साहेब डोळे वटारतात, पण कचेरी जागच्या जागी असते. विमानाला ती सवय नाही. देशातल्या विमानाचं सामानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, आणि त्यानंतर तिथली हसतमुख मुलगी तितक्याच हसतमुखानं नाही म्हणते. रिकाम्या रस्त्यावर मोटार लोकलला सहज मागं टाकेल, हे कबूल. अडचण एवढीच की तो रिकामा रस्ता पहाटे तीनला असतो. लोकल उशीर करते तो बहुधा पाच-दहा मिनिटांच्या चिल्लरीत, पश्चिम द्रुतगती महामार्ग करतो तो तासांच्या बंद्या रुपयात. म्हणून मोटारीनं जाणारं कुटुंब चार तास आधी निघतं, नेमका रस्ता मोकळा मिळाला की तीन तास आधी पोचतं आणि सोन्याच्या भावाचा चहा पीत बसतं. मोटारीच्या वेगाचा हिशेब करताना हे तीन तास कुणी धरत नाही. ‘पावसात लोकल बंद पडते, त्याचं काय?’ पडते. कुर्ला-शीवकडे रुळांवर पाणी चढतं. पण त्या दिवशी अंधेरीचा सबवेही पाण्याखाली असतो आणि विमानंही वेळेवर सुटत नाहीत. सगळ्यांचाच खोळंबा झाला की त्याला खोळंबा म्हणत नाहीत, हवामान म्हणतात.

रेल्वेच्या बाजूनं सर्वांत भक्कम साक्ष विमानतळावरच मिळते. तिथं रोज येणारा माणूस प्रवासी नसतोच. सामान चढवणारे, फरशी पुसणारे, दुकानांत अत्तर विकणाऱ्या मुली, सुरक्षारक्षक हे सगळे पाळीला हजर असतात म्हणून विमान उडतं. यांच्यातले बहुतेक काही गाडी बुक करून येत नाहीत; बस, लोकल, मेट्रो, शेअर रिक्षा यांच्यावरच त्यांची हजेरी चालते. वर्षातून एकदा जाणारा मात्र त्याच मार्गाला बेभरवशाचा म्हणतो.

आता सार्वजनिक वाहनांची बाजू घेताना त्यांच्या नावांचीही बाजू घ्यावी लागेल असं कुणी समजू नये. तो विषय वकिली करण्यापलीकडचा आहे. २०१४ साली फेब्रुवारीत विमानतळाचं नवं टर्मिनल टी-२ सुरू झालं आणि जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो. चार महिन्यांच्या अंतरानं जन्मलेली ही दोन भावंडं एकमेकांपासून जेमतेम दोनेक किलोमीटरवर राहिली आणि दहा वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्या मेट्रोवर एका स्टेशनला ‘एअरपोर्ट रोड’ असं नाव दिलं गेलं. नावात खोट नाही: तिथं रोड आहे. पुढं ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो-३ आली (लंडनची भुयारी गाडी हीथ्रोला १९७७ सालीच पोचली होती, पण घाई हा आपला स्वभाव नाही) आणि दोन्ही टर्मिनलांना आपापलं स्टेशन मिळालं. पण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांच्या तोंडी विमानतळाची नावं दोनच, सांताक्रूझ आणि सहार. मेट्रो-३ नं दक्षिणेकडून येताना आधी लागतं सांताक्रूझ. तिथं विमानतळ नाही. मग टी-१. मग सहार रोड. तिथंही विमानतळ नाही. मग टी-२. म्हणजे आजोबांच्या सांगण्यावरून उतरणारा नातू हमखास चुकतो, आणि गाडी भुयारात असल्यामुळे खिडकीबाहेर बघून खात्री करायचीही सोय नाही. अंधेरीहून येणाऱ्याची कसोटी तर याहून अवघड. त्याला विमानतळावर जायचं आहे, गाडी ‘एअरपोर्ट रोड’ला थांबते, दार उघडतं, आणि शहाणपण बसून राहण्यात असतं. पुढच्या मरोळ नाक्याला उतरून, गाडी बदलून, मग एक स्टेशन. पाट्या वाचणाऱ्यापेक्षा नकाशा पाठ असलेला माणूस इथं आधी पोचतो.

सगळ्यात मोठा आक्षेप अर्थातच सामानाचा. परदेशी निघालेल्या मराठी माणसाजवळ बहुधा २३-२३ किलोंच्या दोन बॅगा असतात. त्यात कपडे असतात ते बरण्या फुटू नयेत म्हणून. बाकी गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुरडया आणि ‘तिकडे मिळत नाही’ म्हणून घेतलेलं बरंच काही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानांत यातलं जवळजवळ सगळं मिळतं, पण हे आईला सांगणारा मुलगा अजून जन्मायचा आहे. या बॅगांचं वजन घरी कसं करतात? माणूस बॅगेसकट काट्यावर उभा राहतो आणि नंतर स्वतःचं वजन वजा करतो. ते स्वतःचं वजन हा घरातला जुना वादग्रस्त आकडा असल्यामुळे उत्तर नेहमी बावीसच्या आसपास येतं आणि काउंटरवर पंचवीस भरतं. सार्वजनिक वाहनाचा उपयोग नेमका इथं होतो. जी बॅग डोंबिवलीचा पूल चढत नाही, ती मुळातच जास्त भरलेली आहे, आणि हा निकाल काउंटरवर दंड भरताना लागण्यापेक्षा पुलाच्या पायथ्याशी लागलेला बरा. मेट्रोत लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, शिवाय दारातच बॅग यंत्रातून जाते; विमानतळावरच्या झडतीची तेवढीच रंगीत तालीम. राहिली लोकलची गर्दी. सकाळी आठच्या जलद गाडीत दोन सूटकेस घेऊन चढावं, असं सुचवण्याइतकी ही बाजू आंधळी नाही. पण लोकलला मालडबा असतो, आणि रिकाम्या हातानं त्यात घुसणाऱ्या पन्नास जणांपेक्षा दोन सूटकेसवाल्याचा त्या डब्यावर हक्क जास्त आहे. फक्त शेजारी मासळीची पाटी असेल, एवढं धरून चालावं.

खरी अडचण सामानाची नाहीच, सामानासोबत येणाऱ्यांची आहे. एकाला सोडायला सातजण निघतात, हातावर दही पडतं, मोटार सजवायचीच काय ती बाकी असते. आणि एवढं करून तिकिटाशिवाय कुणाला दाराच्या आत घेत नाहीत. दारात दोन मिनिटं, परतीला दोन तास. यापेक्षा सातहीजणांनी मेट्रोत सोबत बसावं. निरोपाला तेवढी मिनिटं जास्त मिळतात.

एक आक्षेप मात्र बिनतोड आहे. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि मेट्रो-३ रात्री साडेदहाच्या सुमारास झोपते ती सकाळी सहाच्या आसपास उठते. यातलं अर्धं संकट कागदावर सुटतं. रात्री दोनच्या विमानाला तीन तास आधी या, असं कंपन्याच बजावतात, म्हणजे अकराला. शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडली की काम भागतं. पण पहाटे पाचच्या विमानाला निघणाऱ्यापाशी आणि रात्री दीडला उतरणाऱ्यापाशी उत्तर नाही. लंडनची हीथ्रोची गाडीसुद्धा शुक्रवार-शनिवार अशा दोनच रात्री जागते. अशा माणसानं खुशाल टॅक्सी करावी; त्या वेळी रस्ताही रिकामा असतो. बाकीच्यांनी मरोळ नाक्याला गाडी बदलावी, आणि दार उघडलं तरी एअरपोर्ट रोडला उतरू नये.