दुसरा गाईड

दिल्ली दर्शनाच्या कुठल्याही ग्रुपमध्ये गाईड दोन असतात. एकाला टूरवाल्यांनी पैसे देऊन ठेवलेलं असतं, दुसरा स्वतः पैसे भरून आलेला असतो. पहिल्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं, दुसऱ्याच्या गळ्यात मफलर. जास्त कोण बोलतो, ते सांगायला नको.

हा दुसरा ओळखायला सोपा. स्मारकासमोर ग्रुप उभा राहिला की सगळ्यांची तोंडं स्मारकाकडे असतात, याचं तोंड ग्रुपकडे. गाईडच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढं, हात पाठीमागे बांधून तो उभा राहतो. गाईडच्या प्रत्येक वाक्याला मान हलवतो, जणू पोराचं पाठांतर घेतोय. मग गाईड श्वास घ्यायला थांबतो. तेवढी फट याला पुरते.

वय साठीच्या पुढं. निवृत्त मुख्याध्यापक, एसटीतला वाहतूक नियंत्रक, बँकेतला शाखाधिकारी, काहीही असू शकतो. तीस-पस्तीस वर्षं चार माणसांनी त्याचं ऐकून घेतलेलं असतं आणि आता घरात कुणी ऐकत नाही, एवढं मात्र सगळ्यांत सारखं. आमच्या माधवनगरच्या ग्रुपमधले तात्या विकास सोसायटीचे निवृत्त सचिव. सचिवपद सुटलं, पण तपासणीची सवय सुटली नाही. टूरवाल्याचा छापील कार्यक्रम हातात पडल्या पडल्या त्यांनी लाल पेन काढलं आणि लाल किल्ल्याभोवती गोल केला. टूरवाल्याच्या पोराला फोन लावला. "लाल किल्ला सोमवारी घातलाय तुम्ही. सोमवारी तो बंद असतो. आम्हाला काय नुसतं दार दाखवून आणणार?" पोरगा गडबडला. लाल किल्ला बुधवारी गेला. तात्यांनी आपला अधिकार पहिल्यांदा गाजवला तो असा, गाडीत बसायच्याही आधी.

गोवा एक्स्प्रेस माधवनगरला थांबत नाही. त्यामुळे आम्ही चौदा जण आधी पिशव्या, पाण्याचे कॅन आणि भडंगाचे डबे घेऊन उलटे सांगलीला गेलो आणि तिथनं बसून काही मिनिटांतच परत माधवनगरवरून पुढं निघालो. बॅगा अजून सीटखाली सरकवत होतो, तोवर तात्या दारापाशी. "या, या, लवकर या! माधवनगर!" रात्रीची वेळ. काळोखात चार दिवे सरकले. "ते दिवे दिसले? त्याच्या मागं आपली गल्ली." ज्यांचा जन्म त्या गल्लीत गेला ती माणसं उठून दारापाशी गेली आणि खरोखर वाकून बघू लागली, यात तात्यांच्या आवाजातली ताकद कळते. पुढं किर्लोस्करवाडी आली तेव्हा निम्मा डबा झोपला होता. त्यालाही १९१० साल, लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर ऐकावा लागला.

दोन रात्री गाडीत काढून निजामुद्दीनला उतरलो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या पायरीशी गाईड उभा होता. जुन्या दिल्लीतला तरतरीत पोरगा, तोंडावर कायमचं हसू. त्या बिचाऱ्याला वाटलं, चौदा प्रवासी आलेत.

पहिला मुक्काम कुतुबमिनार. इथं तात्यांची मापं सांगायला हवीत. सांगली भागात उंचीचं परिमाण मीटर नाही, मजले नाही. आयर्विन. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलंय, यावर आमचा पावसाळा चालतो. तिथं ४५ फूट झालं की धोका. ऑगस्टमध्ये कुणी कुणाला "कसं काय?" म्हणत नाही, "आयर्विनला किती झालं?" म्हणतात. २०१९ साली ते साडेसत्तावन्न फूट झालं होतं.

गाईड म्हणाला, "कुतुबमिनार की ऊँचाई बहत्तर दशमलव पाँच मीटर."

"फूट में बोलो," तात्या.

"लगभग दो सौ अड़तीस फीट, अंकलजी."

तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग ते ग्रुपकडे वळून म्हणाले, "२०१९ चे चार महापूर एकावर एक ठेवायचे. वर आठ फूट शिल्लक."

तोवर ग्रुपचं निम्मं लक्ष फोटोत होतं. कुतुबुद्दीन ऐबकानं काम सुरू केलं, इल्तुत्मिशनं पुढं चढवलं, वीज पडल्यावर फिरोजशहा तुघलकानं वरचे मजले दुरुस्त केले, हे सगळं कानांवरून गेलं होतं. पण २०१९ ला सांगलीतले पाहुणे आमच्या घराघरांत मुक्कामाला होते. साडेसत्तावन्न फूट म्हणजे काय, ते चिखल उपसलेल्या हातांना माहीत होतं. मोबाईल खाली आले. सगळ्या माना हळूहळू वर गेल्या. एक मावशी "अगं बाई!" म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सावरत दोन पावलं मागं सरकल्या.

गाईडनं तात्यांकडं पाहिलं. स्पर्धक ओळखल्याची ती नजर होती.

"आत ३७९ पायऱ्या आहेत," तात्यांनी लगेच पुढचा ताबा घेतला. "१९८१ च्या दुर्घटनेनंतर जिना बंद केला. आम्ही त्याच्या आधी कॉलेजच्या सहलीत आलेलो. मोजलेल्या आहेत मी."

"लग्नानंतर मला ३८१ सांगितल्या होत्या," काकी म्हणाल्या. काकी कमी बोलतात, पण रेकॉर्ड ठेवतात.

शेजारच्या लोहस्तंभाशी तात्या जरा दुखावले. या खांबाला पाठ लावून मागं हात जुळवले की इच्छा पुरी होते, अशी जुनी समजूत. सहलीत त्यांचे हात जुळले होते म्हणे. आता १९९७ पासून भोवती कठडा आहे, त्यामुळे पुरावा देता येईना. गाईड सांगत होता की हा खांब गुप्तकाळातला, वजन सहा टनांवर, तरी गंज नाही. लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे पृष्ठभागावर पातळ थर धरतो आणि तोच आतलं लोखंड राखतो. "लोखंडाचं आम्हाला सांगू नका," तात्या म्हणाले, "किर्लोस्करवाडी आमच्या शेजारी." एवढं बोलून त्यांनी खिशातली डायरी काढली आणि 'फॉस्फरस' लिहून घेतलं. घराच्या खिडक्यांचे गज दर दसऱ्याला रंगवावे लागतात, त्याचा काहीतरी संबंध असावा.

सगळं असं गोड नव्हतं. दुसऱ्या गाईडबरोबर चार दिवस राहणं म्हणजे काय, ते राहून बघावं. हॉटेलात नाश्त्याला दहा मिनिटं उशीर झाला तर मॅनेजरला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली नोटीस काढायची धमकी. परांठेवाली गल्लीत सगळ्यांची ऑर्डर परस्पर देऊन टाकली आणि पहिल्या घासाला निकाल, "धपाट्याची सर नाही." खाल्ले मात्र तीन. माझ्या शेजारी बसलेला तरुण इंजिनिअर कानांत यंत्र घालून बसला, तर त्याच्या खांद्याला हात लावून, यंत्र काढायला लावून, त्याला फिरोजशहा तुघलक परत सांगितला. ग्रुप फोटोत मधली जागा त्यांची, हे कुणी ठरवलं नव्हतं. शेवटी काकीच म्हणाल्या, "अहो, त्या पोराला पैसे दिलेत ना आपण? मग बोलू द्या की त्याला."

"पैसे दिलेत म्हणजे काय, त्याचं ऐकून पण घ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी गाईडनं उपाय शोधला. श्वास न घेता बोलायचं. हुमायूनच्या मकबऱ्यात त्यानं चारबाग, लाल दगड, संगमरवरी घुमट, ताजमहालाच्या कितीतरी आधीचं काम, हे एका दमात उरकलं. पण घुमट हा शब्द तोंडातून गेला आणि बाजी उलटली. आमच्या भागातल्या शाळांच्या सहली पिढ्यान्‌पिढ्या विजापूरला जात आल्यात. गोलघुमट बघितल्याशिवाय चौथी-पाचवी पूर्ण झाली असं आम्ही मानत नाही. "हमारे उधर गोलघुमट है. एक बार बोला तो सात बार ऐकू आता है," असं सांगून तात्यांनी कबरीच्या दालनात खणखणीत टाळी वाजवली. पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली. "बघा, एकदाच," तात्या म्हणाले. शिट्टी धरली की टाळी, ते कळलं नाही.

त्याच संध्याकाळी ते काकींना हुमायून १५५६ साली जिन्यावरून पडून कसा गेला ते सांगत होते आणि शेवट करत होते घरच्या बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर. बादशहाचं मरण माधवनगरपर्यंत आणायला त्यांना पाच वाक्यं लागली.

इंडिया गेटपाशी गाईडनं ४२ मीटर उंची सांगितली, लुट्येन्सचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "१९३१ में लॉर्ड इर्विन ने इसका उद्घाटन किया."

"कुणी?"

"इर्विन. वाइसरॉय."

तात्यांचा चेहरा उजळला. "आयर्विन! आपलाच की!" सांगलीचा पूल झाला १९२९ साली. म्हणजे आधी आमचं काम, मग यांचं. त्यांनी दिल्लीकडं असं पाहिलं की ती रांगेत दोन नंबर मागं उभी आहे. पण कमानीजवळ गेल्यावर स्वर बदलला. तिच्यावर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, पहिल्या महायुद्धातली आणि अफगाण युद्धातली. तात्या म्हणाले, आपल्या सातारा भागातली पोरं मेसोपोटेमियात गेली होती, मराठा पलटणीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात ते उगीच नाही. गाईडला हे गाव माहीत नव्हतं. त्यानं नाव दोनदा म्हणवून घेतलं.

आणि बुधवारी लाल किल्ला. शहाजहाननं १६३८ ला सुरू केला, दहा वर्षं लागली. दीवान-ए-खासच्या खांबांसमोर गाईड सफाईनं सांगत गेला: १७३९ ला नादिरशहा आला, मयूरासन घेऊन गेला, मग छताकडं बोट करून, "यहाँ चाँदी लगी थी. १७६० में मराठे उखाड़ के ले गए."

हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, समोर कोण उभे आहेत. तेरा जण तात्यांकडं बघायला लागले. नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ, त्यांनी दिल्ली घेतलेली, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. आता भांडण होणार.

तात्यांनी विचारलं, "कितने का निकला?"

"नौ लाख रुपया बताते हैं."

"और लष्कर का महिने का खर्चा?"

गाईडनं खांदे उडवले. तात्या ग्रुपकडं वळले. "नऊ लाखांत भागलं नसणार. एवढी फौज, वर यात्रेकरू, बाजारबुणगे. पुण्याहून पैसा येत नाही, पगार थकलेला. मग भाऊंनी काय केलं? स्थावर विकून पगार भागवला. मी छत्तीस वर्षं सोसायटीत काढली. ज्या संस्थेनं इमारत विकून पगार केले, ती पुढचा मार्च बघत नाही. ही दिल्ली घेतली ऑगस्टला, पानिपत झालं जानेवारीत. पाच महिने."

कुणी काही बोललं नाही. गाईडनं माझ्या बाहीला ओढलं. "क्या बोले अंकलजी?" मी जमेल तसं हिंदीत सांगितलं. 'स्थावर'ला मला शब्द सापडला नाही, मी छताकडं बोट केलं. त्याला कळलं.

"मग?" इंजिनिअर म्हणाला. कानातली यंत्रं हातात होती.

"मग काय? दहा-अकरा वर्षांत महादजी शिंद्यांनी परत उभी केली. शहाआलमला १७७२ ला ह्याच दिल्लीत आणून बसवलं. संस्था तीच, सचिव चांगला मिळाला."

पानिपतावर मी बरंच वाचलंय. अब्दालीची व्यूहरचना, सूरजमल जाटाचं निघून जाणं, यमुनेचा पूर, सगळं. पण भाऊसाहेबांचा ताळेबंद मला लाल किल्ल्यात, भडंगाच्या वासाच्या पिशवीशेजारी उभं राहून कळला, हे मान्य करायला हवं. त्या दुपारी गाईड पुढच्या दालनात बोलता बोलता स्वतःहून थांबला आणि तात्यांकडं बघत राहिला. तात्यांना फट आयती मिळाली, तर त्यांना काही सुचेना.

निरोपाच्या वेळी ग्रुपनं गाईडसाठी वर्गणी काढली. जमा तात्यांकडं. पाकिटात घालून दिली आणि सोबत डायरीचं पान पुढं केलं: 'रोख मिळाले', तारीख, सही. पोरानं हसत सही केली. वर विचारलं, "अंकलजी, वो पुल का नाम फिर से बताइए, बाढ़वाला." ते त्यानं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. तेव्हा आता एखाद्या जळगावच्या नाहीतर नागपूरच्या ग्रुपला कुतुबमिनारापाशी आयर्विनचे फूट ऐकायला मिळाले, तर चक्रावू नये.

तुम्ही ग्रुपनं दिल्लीला जाणार असाल तर हॉटेल तीन तारे आहे का, गाडी एसी आहे का, हे जरूर विचारा. पण ग्रुपमध्ये एखादे तात्या आहेत का, हेही विचारा. नसतील तर आपल्या गल्लीतले न्या. प्रत्येक गल्लीत एक असतातच, आणि त्यांच्या घरचे त्यांना पाठवायला कधी नाही म्हणत नाहीत. एकच अट: ग्रुपमध्ये दोन तात्या नकोत. आणि लाल किल्ला सोमवारी बंद असतो.