आधी आपल्याच बाकावर हसा

मनगटाला विणलेली पट्टी, तिच्यावर चार इंग्रजी अक्षरं: डब्ल्यू, डब्ल्यू, जे, डी. अर्थ असा, की येशूनं काय केलं असतं? 1989 साली मिशिगन राज्यातल्या हॉलंड या गावी एका चर्चच्या तरुण मुलांसाठी या पट्ट्या करून घेतल्या. प्रश्न मात्र जुना. टोपीका शहरातले पाळक चार्ल्स शेल्डन यांनी 1896 च्या आपल्या कादंबरीत तो फार गंभीरपणे विचारला होता. वर्षभर कोणताही निर्णय घेण्याआधी स्वतःला हे विचारायचं, मग धंदा बुडाला तरी बेहत्तर! नव्वदच्या दशकात तोच प्रश्न लाखोंच्या संख्येनं दुकानात विकला गेला. येशूनं काय केलं असतं? मंदिरात बाजार मांडणाऱ्यांचे चौरंग त्यानं उलथून टाकले होते. शुभवर्तमान वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, आणि पट्ट्या विकणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

या विसंगतीवर कुणीतरी हसायलाच हवं होतं. केव्हिन टी. पोर्टर आणि कॅरोलाइन ईली हे दोन दोस्त हसले. चर्चच्या वातावरणात वाढलेल्या या दोघांनी 2017 मध्ये ‘गुड ख्रिश्चन फन’ हा पॉडकास्ट सुरू केला. पाहुण्याला बोलवायचं, त्याच्या लहानपणातलं चर्च विचारायचं आणि मग त्या काळातलं एखादं ख्रिस्ती गाणं, सिनेमा किंवा पुस्तक घेऊन मनसोक्त बोलायचं.

त्यांना विषयांची ददात नव्हती. बाहेरचं जग मुलांना बिघडवील या धास्तीनं अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींनी बाहेरच्या प्रत्येक गोष्टीची आपली आवृत्ती काढली होती. बाहेर हेवी मेटल, तर इथे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून प्रेक्षकांत नवे करार भिरकावणारा स्ट्रायपर बँड. बाहेर कार्टून, तर इथे 1993 पासून टोमॅटो आणि काकडीच्या तोंडून बायबलच्या गोष्टी सांगणारं ‘व्हेजीटेल्स’. त्यातही एक नियम कटाक्षानं पाळला गेला: येशूला भाजी करायचं नाही. निर्माते फिल व्हिशर यांच्या आईनंच तशी अट घातली होती. मला ही गोष्ट फार आवडते. विनोद करणाऱ्या घरातच त्याची मर्यादा ठरली. बाहेरून कुणाला दटावावं लागलं नाही.

पण या पॉडकास्टची खरी किंमत गमतीजमतींत नाही. ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबऱ्या 1995 पासून निघाल्या, एकूण सोळा. विश्वासणारे एका क्षणात स्वर्गात उचलले जातात आणि बाकीचे मागे राहतात, हे त्यांचं कथासूत्र. त्या पिढीतले कितीतरी जण एकच आठवण सांगतात. शाळेतून घरी यावं, आई स्वयंपाकघरात नसावी, हाकेला ओ नसावी, आणि पोटात गोळा यावा, की सगळे गेले, मी राहिलो! आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही भीती. ती त्यानं कुणाला सांगायची? पाळकांना सांगितली तर विश्वास कमी ठरणार, आईला सांगितली तर ती आणखी एक प्रार्थना शिकवणार. वीस वर्षांनी कुणीतरी माइकसमोर हसत हसत ती आठवण काढतो, ऐकणारा म्हणतो, ‘अरे, मीसुद्धा!’ आणि भीतीचं ओझं निम्मं होतं.

चर्चमध्ये साक्ष देण्याची रीत आहे. तिचा साचाही ठरलेला: मी अंधारात होतो, प्रभू भेटला, आता उजेड आहे. जोशुआ हॅरिस यांनी 1997 साली तरुण मुलामुलींना डेटिंग सोडायला सांगणारं पुस्तक लिहिलं, ते प्रचंड खपलं. 2018 मध्ये त्यांनी स्वतःच त्याची छपाई थांबवली आणि पुढच्या वर्षी आपण आता ख्रिस्ती नाही असं जाहीर केलं. त्या पुस्तकाबरहुकूम वाढलेल्या मुलींची साक्ष कुठल्या साच्यात बसणार? तिला अर्धवट, अडखळती, मध्येच हसणारी जागा लागते. ती अशा गप्पांत मिळते. श्रद्धा टिकलेले आणि श्रद्धा सुटलेले, दोघांनाही.

यावर कुरकुरणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की काळजी करायचीच असेल तर दुसऱ्या जातीच्या विनोदाची करा. ‘बॅबिलॉन बी’ हे 2016 मध्ये सुरू झालेलं ख्रिस्ती व्यंगाचं संकेतस्थळ आधी आपल्याच चर्चमधल्या गायकांची, पाळकांची, बायबल अभ्यासाची टोपी उडवायचं. ते चुरचुरीत होतं. पुढे त्याचा रोख राजकीय विरोधकांकडे वळला. वाचक वाढले, पण आपल्या माणसाकडे रोखून पाहण्याचं धाडस आटलं. शेजाऱ्यावर हसायला श्रद्धा लागत नाही.

मराठीला हे धाडस परकं नाही. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, संसार उद्ध्वस्त झाला, काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या आणि यथावकाश स्वतःही ख्रिस्ती झाल्या. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्या मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्यावर हसतात आणि पैसा हातात न ठरणाऱ्या ख्रिस्ती कवी-नवऱ्यावरही हसतात. दोन्हीकडे डोळा तोच, माया तीच. ख्रिस्ती संसाराचं इतकं हसतं पुस्तक कुठल्याही भाषेनं अभिमानानं मिरवावं. आपण त्याचा एखादा उतारा पाठ्यपुस्तकात घातला आणि त्या हसण्याचा वारसा तिथेच ठेवला.

म्हणून अहिल्यानगरच्या, राहुरीच्या, वसईच्या तरुणांना माझी मनापासून विनंती आहे: दोन मित्र, दोन मैत्रिणी बसा आणि माइक लावा. विषय पुष्कळ आहेत. पेटी की कीबोर्ड यावरून पडलेले तट घ्या. नाताळच्या वर्गणीवरून महिनाभर चालणारा अबोला घ्या. कमिटीच्या निवडणुकीत प्रार्थनेतूनच होणारा प्रचार घ्या. आणि लग्नाचा विषय आला की थांबू नका. लक्ष्मीबाईंनी जातीचा विटाळ मनातून काढून टाकला, त्याला शंभरावर वर्षं झाली. आज बाप्तिस्मा घेतलेल्या आणि एका प्याल्यातून प्रभूभोजन घेणाऱ्या घरांतही स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारलं जातं. पहिला भाग त्याच्यावरच करा, आणि पाहुणे म्हणून विचारणाऱ्या मामांनाच बोलवा.