क्षारसंगोपन: लातूरच्या गृहस्थासाठी मार्गदर्शिका

ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार पुरेशा प्रमाणात विरघळलेले असतात त्यास जड पाणी म्हणतात, आणि लातूरच्या गृहस्थाला ते मिळवण्यासाठी बोअर घेण्यापलीकडे कोणतीही साधना करावी लागत नाही. पर्जन्यछायेतील या शहराखाली दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेला काळा खडक, पसरलेला असून तो झिजताना कॅल्शियम सोडतो, वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे आधीच तयार असतात, आणि या दोहोंच्या सहवासात पाणी जितके अधिक मुरते तितके ते बहुधा अधिक जड होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, मात्र दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा, असे आहे. दुसरा स्रोत नसण्याची ही अट शहराने 2016 साली इतक्या काटेकोरपणे पाळली की एप्रिलमध्ये सुमारे 340 किलोमीटरवरील मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. जडपणाची तक्रार करण्यासाठी आधी पाणी असावे लागते, हा शास्त्रीय सिद्धान्त तेव्हा सर्वांना पटला.

आरंभी गृहस्थाने हिशेब मांडावा. मर्यादेच्या टोकावरचे, म्हणजे 600 मिलिग्रॅम जडपणाचे, पाणी दिवसाला 500 लिटर वापरणाऱ्या कुटुंबाच्या घरात रोज 300 ग्रॅम आणि वर्षाला सुमारे 110 किलो चुनखडीइतका ऐवज येतो. आडत बाजारात क्विंटलभर तूर आणायची तर हमाली पडते. हा माल नळातून विनामूल्य घरपोच होतो, आणि तो ठेवायचा कोठे एवढाच प्रश्न उरतो.

पहिले ठिकाण अर्थातच स्वयंपाकघर. लातूर हे तूरडाळीच्या व्यापाराचे आणि डाळमिलचे शहर, आणि या शहराच्या बोअरच्या पाण्यात तीच डाळ शिजण्यास नकार देते, हा नियतीचा विनोद कोणत्याही मार्गदर्शिकेने दुर्लक्षू नये. डाळीच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ उकळताना सैल व्हावा लागतो, परंतु कॅल्शियम त्यास घट्ट आवळून धरते, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या वाढत जातात, गॅस संपत येतो, आणि अखेरीस वरणाच्या नावाखाली पाणी एकीकडे व डाळ दुसरीकडे असा विभक्त संसार ताटात येतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास डाळ शरण येते, परंतु ब-1 जीवनसत्त्वही बऱ्याच अंशी जाते. चिंच मात्र डाळ शिजण्यापूर्वी घालू नये, कारण आम्लामुळे ती अधिकच हट्टाला पेटते. म्हणून घरात पाण्याची वर्णव्यवस्था पाळावी: वरणाला व चहाला वीस लिटरच्या जारचे, बाकी सर्व कार्याला बोअरचे. जारमधील पाण्याने भांडे विसळणाऱ्या पाहुण्यास पहिल्या वेळी क्षमा करावी.

स्नानगृहात साबण आणि कॅल्शियम यांचा संयोग होऊन न विरघळणारी साय बनते, जी फेसाऐवजी बादलीच्या कडेला, फरशीवर व केसांत बसते. शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिन या फेसाळ द्रव्यास कॅल्शियमशी असे वैर नसल्यामुळे आजीचा सल्ला या एका बाबतीत रसायनशास्त्राला धरून आहे.

गिझर हे क्षारसंगोपनाचे गर्भगृह होय. पाण्यातील बायकार्बोनेटामुळे येणारा जडपणा तात्पुरता मानला जातो, कारण पाणी तापताच त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते खाली बसते. तात्पुरता हा शब्द पाण्यापुरताच खरा, कॉइलवर हा थर कायमचा वास्तव्यास येतो आणि वीज आधी त्यास तापवून मग पाण्याकडे वळते. शॉवरची छिद्रे एकेक करून बुजत असतील तर गृहस्थाने खेद करू नये, पाण्याची बचत होत आहे असे समजावे. उन्हाळ्यात कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, पण क्षार वाफेबरोबर जात नसल्याने टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक जड होते आणि जाळ्यांवर पांढरे कवच चढते. टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करावी, हे या मार्गदर्शिकेतील दुर्दैवाने खरेच उपयुक्त असे वाक्य आहे.

आता निर्मूलनाचे उपाय. तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, जडपणा नव्हे. संडास-बाथरूमचे ॲसिड क्षारावर ओतल्यास तो फसफसून विरघळतो, परंतु शहाबादी फरशी हीदेखील चुनखडीच असल्यामुळे ॲसिडला डाग कोणता आणि जमीन कोणती हे कळत नाही, व दोन्ही समभावाने जातात. ॲबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी 1841 मध्ये पाण्यात मोजून चुना घालून पाण्यातलाच चुना खाली बसवण्याची रीत काढली होती. ती शास्त्रशुद्ध आहे, मात्र लातुरात ती शेजाऱ्यांना समजावून सांगणे धोक्याचे आहे.

शुद्धीकरण यंत्राचा विक्रेता दाराशी आल्यास तो बोअरच्या व यंत्राच्या पाण्याचे दोन ग्लास मांडून त्यांत विजेच्या कांड्या बुडवतो, आणि बोअरचे पाणी क्षणात तपकिरी होऊन घरातील मंडळी हादरतात. तो गाळ मुख्यतः कांडीच्या लोखंडाचा असतो. यंत्राच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज नीट वाहत नाही, एवढाच चमत्कार. विक्रेत्याची नजर चुकवून त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकावे आणि प्रयोग पुन्हा करण्याची नम्र विनंती करावी. यंत्र घेतलेच, तर एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर अधिक जड पाणी नळीतून बाहेर पडते, ते मोरीतून अंगणात मुरते आणि सवडीने शेजाऱ्याच्या बोअरकडे निघते. घरातला क्षार अशा रीतीने जात नाही, त्याचा पत्ता बदलतो. शेजाऱ्याकडेही यंत्र असल्यास हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो.

प्रवासाबाबत एक सूचना. कोकणात जांभा खडकातील पाणी मऊ असते, आणि तेथे गेलेला लातूरकर अंगाला साबण लावल्यावर बुळबुळीतपणा जात नाही म्हणून बादलीमागून बादली ओतत राहतो, कारण त्वचा खरखरीत लागेपर्यंत अंघोळ झाली असे त्यास वाटत नाही. यजमानास याची पूर्वकल्पना द्यावी, आणि शक्यतो सर्वांत शेवटी स्नानास जावे.